दहा चौकांचा वाडा: बुडापेस्टमधले चार दिवस

दिवस पहिला

आमची कन्या नोकरीनिमित्त व्हिएन्नाला असते. तिच्याकडे तीन आठवडे काढल्यावर तिनेच आम्हा दोघांना चार दिवसांसाठी बुडापेस्टला पाठवून दिलं. पाठवून दिलं हेच खरं, कारण गाडी कोणती, फलाट कोणता, मेट्रो कुठली, सगळं तिने कागदावर लिहून हातात ठेवलं होतं. तळाला लाल शाईत: 'उद्या सकाळी पार्लमेंट. पासपोर्ट घ्या. वेळेआधी पोचा. बाबा, हे खास तुमच्यासाठी.'

खास माझ्यासाठी, कारण मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. कुठल्याही गावी गेलो तरी मी आधी भिंतीला हात लावून बघतो आणि मायलेकी पुढे जाऊन ताटकळत उभ्या राहतात.

व्हिएन्नाहून गाडी सुमारे पावणेतीन तासांत बुडापेस्टच्या केलेती स्टेशनात पोचते. सरहद्द कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते घोषणांमुळे. जर्मन थोडीफार कानावरून गेली होती, पण हंगेरियन ऐकल्यावर एकही शब्द ओळखीचा वाटेना. ही भाषा शेजारणींच्या कुळातली नाहीच, तिचे नातेवाईक दूर फिनलंड-एस्टोनियात. एक गोष्ट मात्र लगेच आवडली. हे लोक आडनाव आधी लावतात. त्यांचा एकोणिसाव्या शतकातला स्वातंत्र्यनेता लायोश कोशुत नाही, कोशुत लायोश. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.

हॉटेलवर सामान टाकलं आणि मेट्रोने नदीखालून पलीकडे, बॉत्यानी तेर या स्टेशनावर गेलो. तिथून वर आलं की डॅन्यूब समोर, आणि तिच्या पलीकडच्या काठावर ती पार्लमेंटची इमारत. कन्येच्या कागदावर होतं: 'पहिल्यांदा नदीपलीकडूनच बघा, जवळून मावत नाही.' खरंच मावत नाही. लांबी २६८ मीटर, म्हणजे आपल्या एक्स्प्रेसचे अकराबारा डबे. मधोमध ९६ मीटर उंच घुमट, दोन्हीकडे सारखे पंख आणि त्यावर उसाच्या फडासारखी सुळक्यांची दाटी. दिवे लागले तेव्हा सगळं हळदीच्या रंगाचं झालं. घुमटाभोवती पांढरे पक्षी घिरट्या घालत होते.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, एवढं झाडायचं कोणी?"

हंगेरियन लोक या इमारतीला ओर्सागहाझ म्हणतात. ओर्साग म्हणजे देश, हाझ म्हणजे घर. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात आमचा वाईचा वाडा जो शिरला तो चार दिवस निघाला नाही. आजोबांचा वाडा तीनचौकी. वाटण्या झाल्या तेव्हा पहिला चौक चुलत्यांकडे गेला, दुसरा आम्ही शिकवणीच्या वर्गाला भाड्याने दिला आणि तिसऱ्याला मी कुलूप घातलं त्यालाही आता अकरा वर्षं झाली. समोरच्या या घराला दहा चौक आहेत. खोल्या ६९१.

दिवस दुसरा

सकाळी कोशुत लायोश चौकात तासभर आधीच हजर. प्रवेश इमारतीच्या उत्तर टोकाला जमिनीखाली केलेल्या अभ्यागत केंद्रातून. तिकिटाचे दर दोन आहेत, युरोपीय संघातल्यांना कमी, बाकीच्यांना जास्त. ही कुरकुरली. मी तिला ताजमहालाच्या तिकीट खिडकीवरची पाटी आठवून दिली, मग गप्प झाली.

तपासणी विमानतळासारखी. माझी पिशवी यंत्रातून गेली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली. पहारेकऱ्याने आत हात घालून माझा अडकित्ता बाहेर काढला आणि तो दिव्यापाशी उलटासुलटा करून पाहू लागला. पितळी आहे, वडिलांचा, मुठीला मोर. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मी हाताने सुपारी कातरून दाखवली, चावून दाखवली. मागे चाळीस माणसांची रांग. हिने तेवढ्यात मराठीत माझा समाचार घेतला, "सांगत होते ना, घरी ठेवा म्हणून!" अखेर अडकित्ता एका प्लास्टिकच्या डब्यात गेला, मला बिल्ला मिळाला आणि आम्ही सुटलो. चूक माझीच, त्यांनी पुष्कळ सभ्यपणे घेतलं.

आत तुम्हाला मोकळं फिरता येत नाही. कानाला यंत्र लावून गटाने जायचं, पाऊण तासात बाहेर. यंत्र बोलतं, पुढे एक मुलगी वाट दाखवते, मागे एक पहारेकरी रेंगाळणाऱ्यांना हाकतो. त्याचं आणि माझं पाऊण तासात चांगलंच नातं जमलं.

पहिल्याच जिन्यावर डोळे दिपतात. इतकं सोनं मी फक्त देवळात पाहिलेलं. सगळ्या इमारतीत मिळून सुमारे ४० किलो सोनं वर्खाच्या रूपात चढवलंय म्हणे. मला ते जरा जास्तच वाटलं. गॉथिक कमानी, वर रेनेसाँ धाटणीचा घुमट, खाली बरोक आराखडा, आणि कुठेही रिकामी वीतभर भिंत नाही. लग्नघरात प्रत्येक आत्याने आपला दागिना नवरीला घालावा तसं. पण काम? कामाला नाव ठेवायला जागा नाही. भिंतीतले सांधे जुळवलेत ते बघत बसावं.

वास्तुविशारद श्टाइंडल इम्रे. स्पर्धेतून त्याचा आराखडा निवडला गेला आणि १८८५ मध्ये पायाचं काम सुरू झालं. नदीकाठची भुसभुशीत जमीन, म्हणून आधी दोन ते पाच मीटर जाडीचा काँक्रीटचा थर ओतला आणि त्यावर ही चार कोटी विटांची इमारत. सतरा वर्षं सरासरी हजारभर माणसं राबत होती. अट अशी होती की माल आणि कारागीर शक्यतो हंगेरीचेच हवेत. मुख्य जिन्याजवळचे आठ अखंड ग्रॅनाइटचे खांब तेवढे स्वीडनहून आणावे लागले. काम पुरं होण्याआधी श्टाइंडलची दृष्टी गेली असं सांगतात. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये सभागृह वापरात आलं आणि तो ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी गेला. आमच्या खात्यातही असे दोघे मी पाहिलेत, पुलाच्या उद्घाटनाआधी निवृत्त झालेले. पण ते निदान पाहुण्यांत बसू शकले.

मुख्य जिना ९६ पायऱ्यांचा. घुमटाची उंचीही ९६ मीटर. हा आकडा मुद्दाम आहे. मग्यार, म्हणजे हंगेरियनांच्या पूर्वजांच्या, टोळ्या या मैदानात उतरल्या ते साल ८९६ धरतात, आणि त्याची हजारी १८९६ मध्ये साजरी झाली. गावातल्या सेंट स्टीफनच्या बॅसिलिकेचा घुमटही ९६ मीटरच. देव आणि राज्यकारभार एका उंचीवर, कोणी कोणाच्या डोक्यावर नको.

घुमटाखालच्या दालनात राजमुकुट ठेवलाय. इथे फोटो काढायला सक्त मनाई. काचेच्या पेटीभोवती दोन सैनिक, हातात नंग्या तलवारी, पापणी हलत नाही. ही माझ्या कानाशी लागली, "यांना तलवारी चालतात, तुमचा अडकित्ता नाही."

मुकुटाची गोष्ट ऐकताना मी यंत्र दोनदा मागे नेलं. म्हणतात याला सेंट स्टीफनचा मुकुट, पण तो, हंगेरीचा पहिला राजा, गादीवर आला इसवी सन १००० च्या सुमारास आणि मुकुटाच्या खालच्या पट्टीवर चित्र आहे ते १०७० च्या दशकातल्या बायझंटाइन सम्राटाचं. म्हणजे नाव एकाचं, वस्तू नंतरची. वरचा क्रूस वाकडा आहे. कसा वाकला याच्या चार कथा, आणि तो सरळ करायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही. पन्नासहून जास्त राजांच्या डोक्यावर हा चढला, शेवटचा अभिषेक डिसेंबर १९१६ मध्ये. हंगेरीत सत्ता राजाची नव्हे, मुकुटाची मानली जायची. राजा हा मुकुटाचा वहिवाटदार. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतर राजा गेला तरी राज्य राहिलं आणि गादीवर राजप्रतिनिधी म्हणून अॅडमिरल होर्ती मिक्लोश बसले. देशाला तोवर समुद्रकिनारा उरला नव्हता. राजाविना राज्य आणि समुद्राविना दर्यासारंग!

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पहारेकऱ्यांनी मुकुट पळवून ऑस्ट्रियात पेट्रोलच्या पिंपात घालून पुरला. १९४५ मध्ये तो अमेरिकन सैन्याच्या हाती लागला आणि पुढे फोर्ट नॉक्समध्ये, अमेरिकेच्या सोन्याशेजारी, जाऊन बसला. परत आला जानेवारी १९७८ मध्ये. वाटण्यांत आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडण कशावरून झालं असेल तर ते देवांवरून. शेती वाटता येते, भांडी वाटता येतात, देव कसे वाटणार? शेवटी वर्षाआड पाळी ठरली. इथे तेहतीस वर्षं देव परक्याच्या कोठीत होते, आणि घरचे म्हणत होते, आमचेच आहेत ते. २००० साली वस्तुसंग्रहालयातून हलवून तो इथे घुमटाखाली आणला.

पुढचं दालन वरिष्ठ सभागृहाचं. घोड्याच्या नालाच्या आकाराची बाकं, ओक लाकडाचं कोरीवकाम, बाहेर निळ्या गालिच्याची विश्रांतीची जागा. हंगेरीचं संसदगृह बांधलं तेव्हा सभागृहं दोन होती, म्हणून इमारतही जुळी, उत्तरेला सरदार-उमराव, दक्षिणेला लोकप्रतिनिधी. वरिष्ठ सभागृह १९१८ मध्ये गेलं, १९२७ मध्ये परत आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कायमचं बंद झालं. आता एकच सभा भरते, तीही दक्षिण टोकाला, सदस्य फक्त १९९. उत्तरेचं तसंच्या तसं जुळं दालन परिषदांना आणि आमच्यासारख्यांना. एका भावाचं बिऱ्हाड नांदतंय, दुसऱ्याची खोली पाहुण्यांसाठी उघडतात.

दालनाबाहेर खिडक्यांच्या कट्ट्यांवर पितळी पट्ट्या आहेत, त्यांत खोबणी आणि प्रत्येक खोबणीला नंबर. सिगार ठेवायच्या जागा. घंटा झाली की सभासदाने पेटती सिगार इथे टेकवायची, नंबर लक्षात ठेवायचा आणि आत जायचं. भाषण रंगलं तर बाहेर सिगार जळून राख व्हायची, म्हणून भाषण किती चांगलं हे राखेवरून मोजत. हे खरं असो वा रचलेलं, सगळ्या इमारतीत हिला हीच वस्तू सर्वांत आवडली. "आपल्याकडे तंबाखूच्या चंच्यांसाठी करायला हवी होती," ती म्हणाली.

मला आवडलं ते यंत्राने दोन वाक्यांत उरकलं. या इमारतीचा बॉयलर इमारतीत नाहीच. धूर आणि आगीची भीती नको म्हणून तो शेजारच्या गल्लीत वेगळा बांधला आणि वाफ जमिनीखालच्या नळांतून आत आणली. उन्हाळ्यात उलट. बाहेरच्या कोशुत चौकातल्या कारंज्यांपाशी हवा आत ओढायची, ती भुयारातून न्यायची, वाटेत बर्फाच्या लाद्या रचलेल्या, आणि गार वारा भिंतींच्या पोकळ्यांतून थेट सभागृहात. ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. मी त्या मुलीला विचारलं, भुयार बघता येईल का? ती हसली आणि म्हणाली, उद्या चौकात या, दक्षिण बाजूला पायऱ्या दिसतील.

बाहेर पडताना अडकित्ता परत मिळाला. डबा देणाऱ्याने तो उघडझाप करून पाहिला आणि अंगठा वर केला. मी त्याला सुपारीचं खांड पुढे केलं. नको म्हणाला.

जेवण लांगोश. तळलेली मोठी पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. हिच्या मते भटुऱ्याची बिघडलेली मामेबहीण. पण बाजारात टांगलेल्या लाल पाप्रिकाच्या माळा बघून ती खुलली. रंग ब्याडगीचा, तिखटपणा जवळजवळ नाही. पाव किलो घेतली.

दिवस तिसरा

सकाळी पुन्हा तोच चौक, आता मोकळेपणाने. लोकांना वाटतं पार्लमेंट आतून बघायचं. माझं म्हणणं, आतला पाऊण तास झाला तरी चौकाला दिवस द्या.

आधी दगड. हात लावायचं राहिलं होतं. दर्शनी भाग शोश्कूतच्या चुनखडीचा आहे, मऊ, कोरायला लोण्यासारखा, म्हणून तर एवढी नक्षी निघाली. बाहेरून नुसते पुतळेच ९० आहेत. पण मऊ दगडाला शहराचा धूर आणि हिवाळ्याचं गोठणं झेपत नाही. १९०२ मध्ये वापर सुरू झाला आणि १९२५ मध्ये दगड बदलायचं काम काढावं लागलं. ते पुढे पिढ्यान् पिढ्या चालूच राहिलं. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा काळवंडलेलं. आमच्या वाईच्या घाटाचा काळा पाषाण बघा, पाथरवटाचा घाम काढतो, फार नक्षी करू देत नाही, पण कृष्णेचे पूर येऊन गेले तरी जागचा हलत नाही. चौकाखाली एका छोट्या संग्रहालयात इमारतीवरून उतरवलेले जुने दगड मांडलेत. नाक झिजलेले राजे, जबडा गळलेला एक प्राणी. मी तिथे तासभर रमलो. ही वर बाकावर बसून कबुतरं मोजत होती.

मग दक्षिणेच्या पायऱ्या. त्या मुलीने सांगितलेलं भुयार हेच, थंड हवा नेणारं. पण आता त्यात वारा नाही. इथे १९५६ चं स्मारक केलंय.

२५ ऑक्टोबर १९५६, गुरुवार. दोन दिवसांपूर्वी सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव सुरू झाला होता. त्या सकाळी हजारो लोक निःशस्त्र या चौकात जमले. काही सोव्हिएत रणगाड्यांवर चढून सैनिकांशी हसतबोलत होते असे फोटो आहेत. आणि एकाएकी गोळीबार सुरू झाला. कोणी सुरू केला यावर आजही वाद आहे, मेलेल्यांच्या आकड्यावरही. भुयारात अंधूक उजेड, भिंतीवर चेहरे, नावं, ध्वनिफितीवर माणसांचे आवाज. गार वाऱ्यासाठी खोदलेल्या जागेत माणूस गारठतो तो वेगळ्याच कारणाने. तिथे मधोमध भोक पाडलेला झेंडाही आठवणीला आहे. उठाववाल्यांनी तिरंग्यातलं कम्युनिस्ट चिन्ह कात्रीने कापून काढलं होतं, भोकासकट तोच झेंडा झाला.

वर आल्यावर समोरच्या कृषी मंत्रालयाच्या कमानींकडे गेलो. त्या भिंतीत लागलेल्या गोळ्यांच्या जागी ब्राँझचे छोटे गोळे बसवलेत. लांबून ते सांधे भरताना राहिलेले खिळे वाटतात. जवळ गेल्यावर उंची लक्षात येते. बरेचसे छातीच्या पातळीला.

तिथून आल्कोत्मान्य रस्त्यावर वळलं की पार्लमेंटच्या बरोबर समोर जमिनीत उतरत जाणारा एक उतार लागतो, १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. दोन्ही भिंती ग्रॅनाइटच्या आणि त्यांवर गावांची नावं, बारा हजारांहून जास्त. १९१३ च्या गावयादीतली सगळी. तळाशी चिरफाळलेल्या दगडाच्या आत एक ज्योत. २०२० मध्ये हे बांधलं, पहिल्या महायुद्धानंतरच्या त्रियानोंच्या तहाला शंभर वर्षं झाली म्हणून.

इथे मला ओर्सागहाझचं कोडं उलगडलं. दहा चौकांचं घर बांधलं तेव्हा कुटुंब मोठं होतं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाखालचं पण जवळजवळ स्वतंत्र राज्य, आजच्या तिप्पट पसारा, एड्रियाटिक समुद्रापर्यंत. घर वापरात आल्यावर अठरा वर्षांत, ४ जून १९२० ला, त्रियानोंच्या तहाने दोन तृतीयांशांहून जास्त मुलूख गेला. तीस लाखांहून जास्त हंगेरियन रातोरात दुसऱ्या देशांत गेले, जागचे न हलता. घर मात्र तेवढंच राहिलं.

ही भिंतीवर बोट फिरवत वाचत होती. पोझोन्य म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी. हंगेरीची सभा १८४८ पर्यंत भरायची ती तिथे. कोलोझ्वार आज रुमानियात, नाव क्लुज. "पण मग त्या गावांत राहणारे बाकीचे?" तिने विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता. स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब, क्रोआट यांच्यासाठी तो तह म्हणजे सुटका. भिंतीवर त्यांच्याही गावांची नावं आहेत, पण हंगेरियन स्पेलिंगात. धाकट्या भावाला वाटतं आपण वेगळे झालो, थोरल्याला वाटतं घर फोडलं, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं अजून लागायची असतात. मी त्या उतारावर उगाच कोणाची बाजू घेतली नाही. चुलत्यांच्या वेळी घेतली होती, ती पुरे.

दुपारी काठाकाठाने दक्षिणेला चालत गेलो. पार्लमेंटपासून जेमतेम तीनशे मीटरवर दगडी धक्क्याच्या कडेला लोखंडी बूट-चपलांचे ६० जोड ओळीने ठेवलेत. बायकांच्या टाचांचे, कामगारांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना इथे आणून उभं केलं, बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत लोटलं. जान तोगाय आणि पाउएर ज्युला यांनी २००५ मध्ये हे केलं. एका लहान बुटात कोणीतरी ताजं फूल ठेवलं होतं. ही तिथे खाली बसली आणि मग उठून थेट ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. मी काही विचारलं नाही.

रात्री झोप येईना. मोबाइलवर वाचत पडलो, आणि एक माणूस सापडला ज्याचं नाव काल यंत्राने घेतलंच नव्हतं. बिबो इश्तवान. कायदेपंडित, ग्रंथालयात नोकरी करणारा. ३ नोव्हेंबर १९५६ ला पंतप्रधान नॉज इम्रे यांनी त्याला मंत्री केलं. दुसऱ्याच पहाटे सोव्हिएत फौजा शहरात घुसल्या. नॉज यांनी युगोस्लाव्ह वकिलातीत आसरा घेतला. बिबो पार्लमेंटमध्ये कामावर आला. नवा माणूस, पहिला दिवस! इमारत रिकामी होत गेली, सैनिक आत शिरले, पण टाइपरायटरवर बसलेल्या या माणसाला त्यांनी हटकलं नाही, बहुधा कारकून समजून. तो तिथेच राहिला, हंगेरीच्या कायदेशीर सरकारचा त्या घरातला एकटा प्रतिनिधी, आणि जगाला उद्देशून जाहीरनामा टंकत बसला. ६ नोव्हेंबरला बाहेर पडला.

नंतर तडजोडीचा एक मसुदा त्याने लिहिला. तो भारतीय दूतावासापर्यंत पोचवला त्याचे साथी गोन्त्स आर्पाद यांनी. आशा ही की नेहरू मॉस्कोशी बोलतील. काही झालं नाही. १९५८ मध्ये बिबो आणि गोन्त्स दोघांना जन्मठेप झाली, १९६३ च्या माफीत सुटले. बिबो पुन्हा ग्रंथालयात, १९७९ मध्ये वारला. गोन्त्स मात्र १९९० मध्ये याच घरातून देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

मी हिला उठवून सांगितलं. ६९१ खोल्या, आणि त्यांतल्या एकीत एकटा माणूस टाइप करतोय, जिन्यांवर परक्या बुटांचे आवाज. ती कुशीवर वळत म्हणाली, "त्याला चहा कोणी दिला असेल हो?"

दिवस चौथा

गाडी उद्या सकाळची, म्हणून आज नदीपलीकडची, बुडा बाजूची टेकडी. साखळीपुलावरून चालत गेलो. १८४९ चा पूल, आराखडा इंग्लंडच्या विल्यम टिअर्नी क्लार्कचा आणि बांधकामावर देखरेख अॅडम क्लार्क या स्कॉटिश इंजिनिअरची. आडनाव एक, नातं नाही. १९४५ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इथले पूल उडवले, त्यात हाही गेला, पुढे १९४९ मध्ये, बरोबर शंभरीला, पुन्हा उभा केला. टेकडीवरचा किल्ला तुर्कांकडे होता तो १६८६ मध्ये सुटला. तेव्हा इकडे संभाजी महाराज मोगलांशी झुंजत होते. बाकी टेकडीवर गर्दी फार, कॉफी महाग आणि हालासबाश्त्याच्या, म्हणजे कोळ्यांच्या बुरुजाच्या, कमानींत फोटोसाठी रांगा. तिथूनही बघायचं काय, तर समोरचं पार्लमेंटच.

संध्याकाळी पुन्हा बॉत्यानी तेर, पहिल्या दिवशीचाच बाक. प्रकाशझोत लागायच्या आधीची वेळ. मी खिडक्या बघत होतो. दक्षिणेच्या पंखात आठदहा खिडक्यांत पिवळा उजेड, कोणीतरी कामात. उत्तरेकडे एकही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. वाईहून चुलतभाऊ. तिकडे रात्रीचे दहा वाजले असतील, त्यात परतीचा पाऊस, आवाज तुटत होता.

"अरे दादा, तिसऱ्या चौकात काहीतरी पडलं. मोठा आवाज झाला. तुळई असणार. पाणी आमच्या सोप्यापर्यंत आलंय. किल्ली कुठे आहे?"

किल्ली पुण्याच्या घरात, कपाटात, कुठल्या खणात ते मलाही आठवेना.

"तू आहेस कुठे?"

"पार्लमेंटसमोर."

"दिल्लीला?"

मी सांगत बसलो नाही. समोर एकदम झोत लागले आणि दोन्ही पंख सारखेच उजळले, कुठल्या खिडकीत दिवा आहे आणि कुठल्यात नाही ते दिसेनासं झालं.

"कुलूप तोड," मी म्हटलं.

"नक्की? उद्या म्हणशील…"

"तोड रे. आत गेलास की आधी डाव्या हाताचा खांब बघ, तो टेकू धरून असेल तरच पुढे पाऊल टाक."

ही शेजारून ओरडली, "आणि भावजी, नवं कुलूप आणाल तर त्याची एक किल्ली तुमच्याकडेच राहू द्या!"